गजावरची खूण

१

जुनी बंदूक घेऊन माझ्या दुकानात येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाला वाटतं आपल्याकडे खजिना आहे, दुसऱ्याला वाटतं भंगार आहे. दोघंही आत शिरतात ती नळीचं तोंड माझ्या पोटाकडे करून. तीस वर्षं मी हे सांगतेय, दारावर पाटीसुद्धा लावलीय, पण पाटी वाचायची असते हे लोकांना माहीतच नाही.

त्या दिवशी सकाळी आलेली मुलगीही तशीच शिरली. काखेत चादरीत गुंडाळलेली रायफल, आणि नळी सरळ माझ्यावर.

"आधी ती जमिनीकडे कर," मी म्हटलं. "मग नमस्कार कर."

मुलगी विशीतली होती. ती मास्तरांची नात निघाली. मास्तर म्हणजे नेमबाजी क्लबातले सगळ्यांत जुने सभासद, दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांची ठासणीची रायफल क्लबाच्या कोठीतून काल हिच्या ताब्यात मिळाली होती. ठासणीची म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची, जुन्या काळासारखी. हिला जुनी मात्र म्हणता यायचं नाही. कारखान्यात हजारोंनी निघालेली, जुन्याची नक्कल, आणि सगळ्यांत स्वस्तातली. आज विकायला काढली तर बऱ्या सायकलीइतकेही पैसे यायचे नाहीत.

"किंमत लिहून हवी आहे," ती म्हणाली. "सही करून."

"आधी बघू तर दे."

कोणतीही ठासणीची बंदूक हातात आली की पहिलं काम म्हणजे ती भरलेली आहे का ते बघणं. मागून उघडता येत नाही, त्यामुळे आत डोकावता येत नाही. मग गज आत सोडायचा. शहाणा माणूस गजावर एक खूण करून ठेवतो. नळी रिकामी असेल आणि गज तळाला टेकला, तर खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत काही असेल तर गज वर राहतो आणि खूणही वर राहते. मास्तरांच्या गजावर बारीक खाच होती, तिच्यात लाल लाख भरलेली.

मी गज सोडला. खूण नळीच्या तोंडापासून अर्धा इंच वर थांबली.

"बाहेर जा," मी म्हटलं. "समोरच्या फुटपाथवर उभी राहा."

"का?"

"का ते नंतर विचार."

अर्धा इंच म्हणजे दारू घालायला विसरून कोणीतरी नुसती गोळी ठासलेली असणार. असले वीर दर वर्षी दोन-तीन तरी येतात. मी बार पेटवणारी तांब्याची टोपी बसायचा भाग पान्याने काढला आणि त्या भोकातून हवा फुंकली. हवा अडायला हवी होती, पण नळीच्या तोंडातून सरळ बाहेर आली. गजाला पेचदार आकडा लावून आत फिरवला, तर गोळी नाही, गोळीभोवतीची चिंधी नाही, काहीच नाही. नळी रिकामी होती. मग खूण वर का?

आत छोटा दिवा सोडून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. नळी आतून खाल्लेली होती. जागोजागी गंजाचे खड्डे, आटे झिजलेले.

मुलीला आत बोलावलं. तिला नवल वाटलं नाही.

"काल सेक्रेटरींनी बॅटरी लावून दाखवलं मला," ती म्हणाली. "ते म्हणाले, कोठीवाल्याने सडवली. मी तक्रार लिहून दिलीय. आज चार वाजता कमिटी बसतेय. तुमचा कागद मिळाला की नुकसान किती ते ठरेल, आणि त्या माणसाला काढून टाकतील. त्याची खोलीही जाईल म्हणे. आजोबांनी त्याच्यावर एवढा विश्वास टाकला होता."

मी दिवा विझवला. तो कोठीवाला माझा सख्खा धाकटा दीर आहे.

२

माझे भावजी बासष्ट वर्षांचे आहेत. क्लबाच्या मागची एक खोली, एवढंच त्यांचं घर. माझा नवरा गेल्यापासून मी त्यांना दहा वेळा म्हटलं, माझ्याकडे राहायला या. नाही म्हणजे नाही. "वहिनी, माझं तिथं बरं आहे." काडीचा खर्च नाही, काडीचा आवाज नाही, आणि सगळी हत्यारं त्यांच्या हातात लहान मुलासारखी सांभाळलेली. त्यांच्या हातून नळी सडली, हे मला पटेना.

पण पटत नाही म्हणून पुरावा नाहीसा होत नाही. नळी डोळ्यांसमोर होती.

मी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक हत्याराचं मी एक कार्ड ठेवते. लोक हसतात. हसोत. अकरा वर्षांपूर्वी मास्तर ही रायफल पहिल्यांदा घेऊन आले होते, दस्ता मुठीच्या जागी तडकला म्हणून. मी त्यात पितळी खीळ बसवली होती. कार्डावर माझ्याच अक्षरात होतं: "नळी आतून स्वच्छ. अर्धा फेरा चोवीस इंचांत."

"हे काय असतं?" मुलीने विचारलं.

"नळीत आटे असतात ना, पिळासारखे. काही कमी पिळाचे, काही जास्त. तोच कारखाना, तेच मॉडेल, बाहेरून हुबेहूब, पण गोल गोळीसाठी कमी पिळाची नळी आणि लांब गोळीसाठी जास्त पिळाची. तुझे आजोबा गोल गोळी वापरायचे."

फिरत्या मुठीच्या माझ्या गजाला घट्ट चिंधी बांधून मी तो तळापर्यंत घातला. हळूहळू बाहेर ओढला की तो आट्यांबरोबर स्वतःभोवती वळतो. किती इंचांत अर्धा वळतो ते मोजायचं. मी तीनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मोजलेल्यावर माझा स्वतःचाही विश्वास नसतो.

तिन्ही वेळा चौदा इंच.

दस्ता मास्तरांचाच होता, माझी पितळी खीळ तिथंच होती. गजही त्यांचाच, लाल खुणेचा. पण गंज चढून चोवीसाचे चौदा होत नाहीत.

"ही तुझ्या आजोबांची नळीच नाही," मी म्हटलं. "कोणीतरी बदललीय."

मुलगी खुर्चीत बसली. "म्हणजे चोरी? पण असल्या स्वस्त रायफलीची नळी कोण चोरणार?"

तोच तर वैताग होता. भारी माल गेला तर चोर सापडतो, कारण त्याला तो विकायचा असतो. ही नळी बाजारात नेली तर भंगारवाला चहा पाजून परत पाठवेल.

"कोणाला हवी होती का ही रायफल?" मी विचारलं.

ती जरा विचारात पडली. "ते कोपऱ्यावरचे औषधवाले, तेही क्लबात आहेत. त्यांनी आजोबांकडे दोनदा मागितली होती. आजोबांनी दिली नाही."

मी घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते. अवजारांची थैली आणि फिरता गज उचलला, दुकानाला कुलूप घातलं आणि रायफल, कार्ड आणि मुलगी, तिन्ही बरोबर घेतली.

३

भावजींच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक खाट, एक टेबल, खिडकीत तेलाच्या कुप्या रांगेने. आणि खाटेवर वळकटी. गादी, पांघरूण, उशी, सगळं गुंडाळून वर सुताची दोरी करकचून आवळलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"चार वाजता जायला सांगतील. ऐनवेळी घाई नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसावर आरोप झाला तर तो भांडतो, ओरडतो, निदान नाही तरी म्हणतो. हे गृहस्थ वळकटी बांधून बसले होते.

"भावजी, तुम्ही नळी सडवलीत?"

"सडली ना? मग माझ्याच ताब्यात होती ती."

"मी ते विचारत नाहीये."

त्यांनी दोरीची गाठ आणखी आवळली. मग मुलीकडे वळून म्हणाले, "ताई, खोटं कशाला बोलू. मार्चमध्ये माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. नंतर तुझे आजोबा आजारी पडले, रायफलीला हात लावणारं कोणी राहिलं नाही. मी वरून पुसत होतो. आतून एकदाही बघितली नाही. ते गेल्यावर तर ती खुंटीवरून काढायचाच धीर झाला नाही. चूक माझीच आहे."

मुलीचा राग जरा उतरला असावा, कारण ती तिथल्या स्टुलावर बसली.

"गज सोडून बघितलात कधी?" मी विचारलं.

"नाही म्हटलं ना."

"मार्चमध्ये साफसफाई कोणी केली?"

"सेक्रेटरींनी यादी लावली होती. सभासदांनी आळीपाळीने. मी कसं करतो ते त्यांना सांगून ठेवलं होतं. एका वेळी एकच रायफल सोडवायची, तिची पाचर तोंडात धरायची, आणि ती परत जोडल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही."

"पाचर तोंडात का?" मुलीने विचारलं.

"म्हणजे मग विसरता येत नाही."

या रायफलीची नळी दस्त्याला एका लोखंडी पाचरीने धरलेली असते. पाचर ठोकून काढली की नळी अख्खी सुटते, मग ती गरम साबणपाण्याच्या बादलीत उभी करून गजाने आतून धुवायची. ठासणीच्या दारूची काजळी दुसऱ्या कशाने जात नाही.

"याच मॉडेलची क्लबाकडे आणखी एक आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. शिकाऊंची. आतून खड्डे पडलेली, दहा पावलांवरची भिंत चुकवते. हल्ली मात्र सेक्रेटरी तीच वापरतात. सरावासाठी म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवलीय, मी तिला हात लावून महिने झाले."

बाहेर व्हरांड्यात येताना माझी नजर फळ्यावर गेली. सभासदांच्या निशाणाची कार्डं तिथं टाचलेली असतात, नाव आणि तारखेसकट. सेक्रेटरींची फेब्रुवारीपर्यंतची कार्डं बघवत नव्हती, भोकं कोपऱ्यांत विखुरलेली. एप्रिलपासून सगळी भोकं मधल्या वर्तुळात. शेजारी करंडक धरलेला त्यांचा फोटो, कोटाची सगळी बटणं लावून.

चाळीस वर्षं नेम न लागलेल्या माणसाचा नेम एका महिन्यात सुधारला होता.

४

तरीही औषधवाल्यांना भेटणं भाग होतं. मागणी त्यांची होती, आणि माणूस चिकट. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "उधार मिळणार नाही."

"उधार कोणी मागितलंय? मास्तरांची रायफल दोनदा मागितलीत, ती का?"

"कारण माझी मोडकी आहे आणि त्यांची चांगली होती. गुन्हा आहे का?" त्यांनी मुलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हातारे म्हणाले, नातीला ठेवायचीय. मी विषय सोडला."

"मार्चमध्ये यादीत तुमचं नाव होतं?"

"एका रविवारी होतं. मी आणि सेक्रेटरी. काय सांगू तुम्हाला, त्या माणसाला काम करायचं नसतं, फक्त उरकायचं असतं. मी पाणी तापवून बादली भरली. हे महाशय म्हणाले, वेळ वाचवू, दोन्ही एकदम घालू. मास्तरांची आणि शिकाऊंची, दोन्ही नळ्या एकाच बादलीत. मी म्हटलं, अहो, कोठीवाला काय सांगून गेलाय? तर म्हणाले, तुम्हाला दुकान उघडायचंय ना, जा, मी बघतो. मी आलो निघून."

"हे इतके दिवस कोणाला बोलला नाहीत?"

"साबणपाण्याबद्दल काय बोलायचं?" ते वैतागून म्हणाले. आणि मग त्यांचा हात काउंटरवरच थांबला. त्यांनी माझ्या हातातल्या रायफलीकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही असं म्हणताय, की..."

"मी काहीच म्हणत नाहीये. चार वाजता या, आणि तोंड बंद ठेवून या."

रस्त्यावर आल्यावर मुलगी म्हणाली, "मग झालं की. चुकून अदलाबदल झाली. सांगून टाकू."

"आणि सेक्रेटरी म्हणतील, अदलाबदल कोठीवाल्यानेच केली असेल, त्याला ऑपरेशननंतर धड दिसत नव्हतं. औषधवाले तर आधीच निघून गेले होते, नळ्या परत बसवताना त्यांनी पाहिलेलं नाही. मग?"

आम्ही दोघी क्लबाकडे वळलो. दीड वाजला होता.

५

कोठीवाल्याकडे सगळ्या कपाटांच्या जादा किल्ल्या असतात. भावजी आधी तयार होईनात.

"सेक्रेटरींचं खाजगी कपाट आहे, वहिनी."

"आत रायफल कोणाची आहे?"

"क्लबाची."

"क्लबाच्या रायफलींचा ताबा कोणाकडे?"

"चार वाजेपर्यंत माझ्याकडे," ते म्हणाले आणि किल्ली दिली. मी त्यांना दाराबाहेर थांबवलं. पुढे कोणी विचारलं तर त्यांनी आत काही बघितलेलं नसावं, एवढाच माझा हेतू होता.

शिकाऊंची रायफल मी टेबलावर घेतली. दिवा आत सोडला. नळी लख्ख होती. फेरा मोजला. अर्धा फेरा चोवीस इंचांत. मुलीने कार्डावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा आळीपाळीने बघितला आणि तिचे डोळे भरून आले. आजोबा सापडल्यासारखं झालं तिला, असं ती नंतर म्हणाली.

मग मी गज सोडला. क्लबाच्या सगळ्या गजांवर भावजींनी खाच पाडून लाल लाख भरलेली आहे. शिकाऊंच्या गजावरची लाल खूण नळीच्या तोंडात शिरली आणि दिसेनाशी झाली. अर्धा इंच आत.

सकाळचं कोडं तिथं सुटलं. मास्तरांची नळी आतून अर्धा इंच जास्त खोल होती, शिकाऊंची तेवढीच उथळ. मास्तरांचा गज उथळ नळीत घातला तर खूण वर राहते. शिकाऊंचा गज खोल नळीत घातला तर खूण बुडते.

पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. गज बाहेर काढून उन्हात धरला. लाल खुणेच्या अर्धा इंच वर आणखी एक खूण होती. लाख नाही, रंग नाही, चाकूच्या टोकाने ओढलेली केसाएवढी रेघ. लाकूड आतून अजून पांढरं होतं.

"ही कशाला?" मुलीने विचारलं.

"ज्याला जुनी खूण बुडते हे माहीत होतं, त्याने स्वतःपुरती नवी केली. चुकून बदललेली नळी चुकूनच राहिली असती, तर कोणी नवी खूण पाडली नसती. पाडणाऱ्याला कळलं होतं."

"पण पाडली कोणी हे कसं दाखवणार?"

मी थैलीतून मेणाची वडी काढली. दस्त्याला चोळायचं तपकिरी मेण. रेघेत ते बोटाने भरलं, फडक्याने पुसलं. रेघ दिसेनाशी झाली. रायफल होती तशी कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली भावजींना परत दिली.

६

कमिटीच्या खोलीत सहा खुर्च्या आणि एक लांब टेबल. अध्यक्ष निवृत्त टपालमास्तर, त्यांना कमी ऐकू येतं आणि तरी ते कानाला यंत्र लावत नाहीत. औषधवाले ओठ आवळून बसले होते. भावजी दाराजवळ उभे, टोपी हातात. सेक्रेटरींनी कागद नीट जुळवून ठेवले होते.

"बाईंनी किंमत आणली असेल तर विषय पाच मिनिटांचा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"आणलीय. पण तुलनेसाठी शिकाऊंची रायफल लागेल. तुमच्या कपाटातली."

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. उठले, कपाट उघडून घेऊन आले.

"टेबलावर ठेवण्याआधी तपासायची, असा तुमचाच नियम ना?" मी म्हटलं. "तिघांनी तपासा. आणि काय आढळलं ते बोलू नका, चिठ्ठीवर लिहा. अध्यक्षांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं."

अध्यक्षांनी मान डोलावली, बहुधा सवयीने.

औषधवाल्यांनी गज सोडला, वाकून बघितलं, पुन्हा सोडला आणि बराच वेळ पेन चावून दोन ओळी लिहिल्या. मग भावजी. त्यांनी गज टेकवला, नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी लिहिलं.

"काय पोरखेळ आहे हा," सेक्रेटरी म्हणाले. "द्या इकडे." त्यांनी गज आत सोडला, तोंडाशी अंगठ्याचं नख दोनदा खरवडल्यासारखं घासलं, आणि चिठ्ठीवर एक शब्द लिहून पेन टाकलं.

अध्यक्षांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. औषधवाल्यांची पहिली. "खूण आत जाते. असं कधी पाहिलं नाही. सांगता येत नाही." भावजींची दुसरी. "खूण बुडते. गज किंवा नळी, दोन्हींतलं एक या रायफलीचं नाही." तिसरी सेक्रेटरींची. "रिकामी."

"रिकामीच आहे की," सेक्रेटरी म्हणाले.

"आहे. पण तुम्हाला कशावरून कळलं?" मी विचारलं. "लाल खूण तर आत बुडालीय. या दोघांना कळेना, तुम्हाला एका नजरेत कळलं."

"अहो, खूण आहे ना तिथं."

"कुठं आहे? दाखवा."

त्यांनी गजाकडे बघितलं. मग अंगठ्याकडे. नखात तपकिरी मेण भरलं होतं, आणि गजावर नळीच्या तोंडाशी पांढरी रेघ पुन्हा उघडी पडली होती.

"मी ती दोन वाजता मेणाने बुजवली," मी म्हटलं. "डोळ्यांना दिसत नव्हती. ती तिथं आहे हे फक्त पाडणाऱ्याच्या अंगठ्याला माहीत होतं."

मग मी कार्ड ठेवलं, दोन्ही रायफलींचे फेरे मोजून दाखवले, आणि औषधवाल्यांनी बादलीची गोष्ट सांगितली. अध्यक्षांना ती दोनदा सांगावी लागली. दुसऱ्या वेळी सगळेच ओरडून बोलत होते.

सेक्रेटरींनी रुमालाने नखातलं मेण पुसलं. "चुकून झालं," शेवटी ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. दोन्ही नळ्या सारख्याच दिसत होत्या. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा गोळ्या मधे लागल्या. मग गज सोडला तेव्हा खूण बुडालेली दिसली, आणि माझ्या लक्षात आलं. म्हटलं, स्पर्धा झाली की बदलतो. मग जिंकलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, बाई. मग म्हटलं, आणखी एक स्पर्धा."

खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली, आणि ती आल्याचाही राग आला.

"नळीचं मी समजू शकते," मी म्हटलं. "दोन पाचरी काढायच्या, दोन पाचरी ठोकायच्या, दहा मिनिटांचं काम. काल ही मुलगी आली तेव्हाही करता आलं असतं. ते सोडून तुम्ही बॅटरी लावून हिला गंज दाखवलात, तक्रार लिहायला बसवलंत आणि एका माणसाचं घर काढायला निघालात. का?"

"रायफल बाहेर गेली तर कोणीतरी आत बघणारच होतं," ते पुटपुटले. "कोणाचं तरी नाव लागणार होतं. आणि ते काही बोलत नाहीत कधी."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. भावजी खरंच काही बोलत नव्हते.

७

पाचरी भावजींनीच काढल्या. एका वेळी एक, तोंडात धरून. मास्तरांची नळी मास्तरांच्या दस्त्यात बसली. त्यांनी गज आत सोडला. लाल खूण नळीच्या तोंडाशी येऊन बरोबर थांबली.

"आली, वहिनी," ते म्हणाले.

मुलीने आपली तक्रार अध्यक्षांच्या पुढ्यातून उचलून घेतली. मग मला विचारलं, "किंमत काय लिहिणार?"

"सायकलीपेक्षा कमी. सकाळीच ठरवली होती."

"मग विकत नाही. यांनी शिकवलं तर क्लबातच ठेवते." ती भावजींकडे वळली. "आजोबा, मी न विचारता लिहिलं. माफ करा."

"आत बघायला हवं होतं मी," भावजी म्हणाले. "ते चुकलंच माझं."

मी हात टेकले. निर्दोष सुटलेला माणूस स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत होता. सेक्रेटरींचं काय करायचं यावर आत आवाज चढले होते, ते त्यांचं त्यांनी बघावं. मी सरळ मागच्या खोलीत गेले.

वळकटी खाटेवर तशीच होती. दोरीची गाठ इतकी आवळलेली की नखं लागेनात. कात्री मिळेना. मी दाताने ओढून बघितली. मागून भावजी आले आणि दारात उभे राहिले.

"राहू द्या वहिनी, मी सोडतो."

"तुम्ही बांधायला बसता, सोडायला नाही," मी म्हटलं. "एक शब्द बोलला असतात तर? नाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही याल असं वाटलं होतं."

"आणि नसते आले तर?"

त्यांनी आत येऊन खिडकीतल्या कुप्या सरळ केल्या. मी पाठ त्यांच्याकडेच ठेवली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दाखवायची मला मुळीच इच्छा नव्हती. गाठ सुटायला दहा मिनिटं लागली. गादी पसरली, उशी जागेवर ठेवली, आणि दोरी गुंडाळून माझ्या थैलीत घातली.

"दोरी कशाला नेता?" त्यांनी विचारलं.

"माझ्या दुकानात लागते," मी म्हटलं. माझ्या दुकानात दोरीचं काहीही काम नसतं.